सराफाकडे जुनी माणकाची अंगठी बघितली आहे, घ्यावी का?

आंबेहळद
४ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दागिन्यांतलं मला फारसं कळत नाही. बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं याच्या पलीकडे कधी गेलेच नाही. म्हणून इथे विचारतेय.

मागच्या शनिवारी दक्षिण मुंबईतल्या एका सराफाकडे गेलो होतो (नाव मुद्दाम देत नाही). घ्यायची होती बारशासाठी चांदीची वाटी. काउंटरच्या टोकाला वेगळ्या काचेत आठ-दहा जुने दागिने मांडले होते, त्यात ही अंगठी. वाटी नवऱ्याने निवडली, मी तिथेच उभी.

पट्टी पिवळ्या सोन्याची, वरचा भाग पांढरा. दुकानदार म्हणाला प्लॅटिनम. मधे लंबगोल लाल खडा, साधारण ९ बाय ७ मिलिमीटर, "अडीच कॅरेटचा". दोन्ही बाजूंना तीन-तीन बारीक हिरे, पण एकासारखा एक नाही. एक तर चक्क चौकोनाकडे झुकलेला. कडेने खसखशीएवढ्या दाण्यांची नक्षी, अर्धी झिजून सपाट झालेली. आतल्या बाजूला इंग्रजीत '१८ सीटी' (म्हणजे कॅरेट) आणि 'प्लॅट' (प्लॅटिनम) असा ठसा आणि एक फिकट आडवी रेघ.

दुकानदाराचं म्हणणं असं: १०० वर्षं जुनी, एका पारशी कुटुंबाकडून आलेली, खडा बर्मी माणिक, अजिबात न तापवलेला, म्हणजे उष्णता देऊन रंग न खुलवलेला. किंमत ४,८५,०००, "तुमच्यासाठी" ४,६०,०००. सर्टिफिकेट विचारलं तर म्हणाला, "जुन्या मालाला सर्टिफिकेट कसलं मॅडम, माल स्वतः बोलतो."

एवढे पैसे अंगठीत घालणारी मी नाही. पण माझ्या आजीकडे माणकाची अंगठी होती, तिच्या लग्नातली. आजोबा परळला गिरणीत होते. १९८२ चा संप लांबला तेव्हा घरातलं एकेक गेलं, त्यात ती अंगठीही मोडली. मी तेव्हा नऊ वर्षांची. आजीबरोबर सराफाकडे मीच गेले होते. त्याने चिमट्याने खडा उचकटला, सोनं तराजूत टाकलं आणि खडा आजीच्या हातावर परत ठेवला. ते काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही. यंदा आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील, नवरा म्हणतो घे तुला आवडलीय तर.

घ्यावी का? काय बघावं?

कोकमसरबत
४ जानेवारी, रात्री १०:३१

फोटो?

आंबेहळद
४ जानेवारी, रात्री १०:३३

काढू दिला नाही. म्हणाला डिझाइन कॉपी होतं.

कोकमसरबत
४ जानेवारी, रात्री १०:३५

शंभर वर्षांपूर्वीचं डिझाइन आता कॉपी होणार? जिथे फोटो काढू देत नाहीत तिथे पैसेही काढायचे नाहीत, हा आमच्या तीर्थरूपांचा नियम.

मुक्काम_मुलुंड
५ जानेवारी, सकाळी ७:०५

खरं माणिक ओळखायची सोपी युक्ती: दुधात टाका, दूध गुलाबी दिसायला लागतं. शिवाय खऱ्या माणकाने काचेवर ओरखडा उठतो. नाही उठला तर खोटं.

भिंगवाला
५ जानेवारी, सकाळी ९:४८

मुलुंडकर, राग मानू नका, पण कृपा करून कोणी हे करू नका. लाल काच दुधात टाकली तरी दूध गुलाबीच दिसेल. आणि भट्टीत बनवलेलं माणिकही काठिण्यात खाणीतल्या माणकाइतकंच, म्हणजे ९. दोघंही काचेवर सारखाच ओरखडा काढतात. यातून फक्त काचेचं नुकसान होतं.

आंबेहळद, मी रत्नपरीक्षेचा कोर्स करून बरीच वर्षं ऑपेरा हाउसच्या हिरेबाजारात आणि २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स हा नवा हिरेबाजार सुरू झाल्यावर बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) काढली. आता निवृत्त. माझा एकच मुद्दा आहे, तो जरा फोडून सांगतो.

तुमच्या दुकानदाराने दोन वेगळ्या गोष्टी एका पुडीत बांधून दिल्या आहेत. अंगठी जुनी आहे का, हा एक प्रश्न. खडा काय आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की गिऱ्हाईक दुसऱ्यालाही आपोआप 'हो' म्हणून टाकतं. सगळा धंदा या जागेवर चालतो.

अंगठीबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मला ती जुनी वाटते. दागिन्यांत प्लॅटिनम सर्रास आलं ते १९०० नंतर. खाली पिवळं सोनं आणि वर प्लॅटिनम ही त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतली पद्धत. 'सीटी' आणि 'प्लॅट' हा ठसा विलायती वळणाचा. हिरे एकसारखे नाहीत म्हणताय, म्हणजे हाताने पैलू पाडलेले असणार. हिऱ्यात वरून सरळ खाली बघा, मधोमध सुईच्या टोकाएवढं वर्तुळ दिसलं तर तळाचं टोक छाटलेलं आहे, ही जुनी पद्धत. ती आडवी रेघ म्हणजे अंगठी कधीतरी कापून मोठी किंवा लहान करून डाग दिलेला, म्हणजे सांधा जोडलेला आहे. झीजही पटण्यासारखी. ओतीव नक्कल असती तर त्या दाण्यांमधे बारीक खड्डे दिसले असते.

आता खडा. १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक बनवायची रीत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड, त्यात चिमूटभर क्रोमियम, ती वरून ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडायची. पूड वितळून खाली थेंबाथेंबाने साठत जाते आणि काही तासांत नासपतीच्या आकाराचा लाल गोळा तयार. काच नव्हे बरं का, रसायन माणकाचंच. जन्म मात्र खाणीऐवजी भट्टीत. पुढच्या काही वर्षांत हा माल जगभर गेला. बाबांच्या एचएमटी घड्याळावर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असायचं ना? ती ज्वेल्स म्हणजे हीच भट्टीतली माणकं.

थोडक्यात, १९२०-३० च्या अस्सल जुन्या अंगठीत पहिल्या दिवसापासून कृत्रिम माणिक बसवलेलं असू शकतं. तेव्हा ते नवलाईचं होतं, चांगल्या चांगल्या घरांतून हौसेने घेत. खडा नंतर कोणी बदललाय असंही समजायचं कारण नाही.

आणि किंमत. अडीच कॅरेटचं, न तापवलेलं, रंगाने चांगलं बर्मी माणिक असेल तर ४,८५,००० ला ते कोणी विकणार नाही, नुसत्या खड्याचेच याच्या कितीतरी पट होतील. आणि तसं नसेल तर ४,८५,००० डोक्यावरून पाणी आहे. ही किंमत खऱ्याला फार कमी आणि खोट्याला फार जास्त. मधल्या किमतीची मला कायम भीती वाटते.

लॅबशिवाय एक रुपया देऊ नका. मुंबईत जीआयए, आयजीआय, जीआयआय या रत्नं तपासणाऱ्या लॅब सगळ्या आहेत. दुकानदाराला म्हणावं जांगडवर दे.

पार्लेकरीण
५ जानेवारी, सकाळी १०:२०

जांगड म्हणजे?

भिंगवाला
५ जानेवारी, सकाळी १०:४१

माल पसंतीसाठी बाहेर न्यायचा, विक्री झालेली नाही, मालकी दुकानदाराचीच. तशी चिठ्ठी करतात, तीच जांगड. हिरेबाजारात रोजच्या रोज कोटींचा माल अशा चिठ्ठीवर फिरतो. ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला देत नाहीत, पण त्यांचाच माणूस बरोबर घेऊन लॅबला जाता येतं. खात्री असलेला दुकानदार नाही म्हणत नाही.

जुना_गिरगावकर
५ जानेवारी, दुपारी २:१५

भिंगवाल्यांच्या प्रतिसादाला दुजोरा. आमचं ठाकुरद्वारला दुकान होतं, आजोबांपासून. आमच्याकडे असले खडे 'इमिटेशन माणिक' म्हणून वेगळ्या पुडीत असत. भाव नगावर, वजनावर नाही. खरं माणिक रतीवर. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं जाई, आणि बहुतेक मंडळी तेच घेत. महिन्याच्या पगारात बसणारं माणिक तेच होतं ना! घोळ पुढच्या पिढीत होतो. आजी गेली की सुना-नाती म्हणतात आजीचं बर्मी माणिक. आजी बिचारी कधीच तसं म्हणालेली नसते.

आंबेहळद, तुमच्या आजीचा खडा सराफाने परत दिला, यातच बरंच आलं. मोड घेताना सोन्याचाच हिशोब असतो हे खरं, पण खडा किमती असता तर त्या माणसाने निदान विचारलं तरी असतं, "आजी, हा पण देता का?"

बाय द वे, अंगठीत १८ ऐवजी १४ चा ठसा दिसला असता आणि घडण देशी असती तर मी डोळे झाकून १९६३ नंतरची म्हटलं असतं. त्या जानेवारीत मोरारजीभाईंचं सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी. आमच्या दुकानासमोरच्या पारावर पाच-सहा कारागीर बसायचे, वर्षभरात पार रिकामा. एकाने भेळेची गाडी टाकली. वडील सांगत, त्याची बोटं इतकी बारीक कामाची की कांदा चिरायचा तोही तारेसारखा. कायदा पूर्ण उठायला १९९० साल उजाडलं. तेव्हा वडील बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवार_माणिक
५ जानेवारी, सायं. ६:५०

तांत्रिक चर्चा चांगली चाललीये, पण मूळ गोष्ट कोणी बोलत नाहीये. माणिक हे रवीचं रत्न. दुसऱ्याने वापरलेलं रत्न घालू नये, त्या व्यक्तीचे भोग त्याबरोबर येतात. पत्रिका दाखवल्याशिवाय तर मुळीच नको.

कोकमसरबत
५ जानेवारी, सायं. ६:५८

आणि भट्टीतलं निघालं तर? भोग अर्धे येतात का?

रविवार_माणिक
५ जानेवारी, सायं. ७:१०

श्रद्धेची टिंगल करणं सोपं असतं.

कोकमसरबत
५ जानेवारी, सायं. ७:१४

हलके घ्या हो. शंका प्रामाणिक आहे, रसायन तेच म्हणताहेत म्हणून विचारलं.

कोर्टकचेरी
५ जानेवारी, रात्री ११:०२

दोन-तीन कायदेशीर गोष्टी.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. दुकानदार पुन्हा 'शंभर वर्षं' म्हणाला की हसतमुखाने विचारा, परवाना आहे का? नव्वद वर्षांवर येतो की नाही बघा.

दुसरं, हॉलमार्क असेल तरी तो सोन्याचा असतो, खड्याचा नाही. २०२३ च्या एप्रिलपासून एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावर कोरलेल्या सहा अक्षरी ओळख-क्रमांकाशिवाय दुकानदाराला सोन्याचा दागिना विकता येत नाही. काही सवलती आहेत, पण विचारायला हरकत नाही. मात्र तो आकडा बघून खडाही खरा असं धरून चालू नका.

तिसरं, बिल. यांच्या बिलावर 'कलर स्टोन' एवढंच लिहिलेलं असतं. तोंडी बर्मी, कागदावर कलर स्टोन. 'नैसर्गिक माणिक, बर्मा, न तापवलेलं' हे शब्द बिलावर लिहून मागा. ग्राहक आयोगात दुकानदाराचं बोलणं नाही, हा कागद चालतो. आणि दोन लाख किंवा वर रोख द्यायची नाही, कितीही 'ॲडजस्ट' करतो म्हणाला तरी.

पार्लेकरीण
६ जानेवारी, सकाळी ८:३०

मला हा धागा वाचून माझ्या कानातल्यांची भीती वाटायला लागलीये.

आंबेहळद
६ जानेवारी, दुपारी १:२०

सगळ्यांचे आभार. काल रात्री नवऱ्याला सगळा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, सोडून दे.

पण जुन्या गिरगावकरांच्या प्रतिसादानंतर मला वेगळंच सुचलं. आजीचा खडा. आईला फोन केला. ती म्हणाली, "असेल की मशीनच्या ड्रॉवरमधे." चाळीस वर्षं! शनिवारी डोंबिवलीला जातेय.

भिंगवाला
६ जानेवारी, दुपारी ३:०५

सापडला तर विकू-फेकू नका. दहा पट दाखवणारं भिंग मागवा, तीन-चारशेला मिळतं. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि खडा भिंगाजवळ आणायचा, उलट नाही. खाली पांढरा टिश्यू, वाटीत पाणी, त्यात खडा, आणि उजेड मागून. मग सावकाश तिरका फिरवत बसा.

खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा दिसल्या तर सरळ असतात, कोनात मिळणाऱ्या. शिवाय बारीक सुयांचं जाळं, त्याला आम्ही रेशीम म्हणतो, किंवा बोटाच्या ठशासारखे डाग. भट्टीतल्यात रेषा वक्र, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या, कारण गोळा थरावर थर साचत वाढलेला असतो. आणि कधीकधी हवेचे गोल बुडबुडे. अगदी निर्मळ, डाग नसलेलं मोठं माणिक दिसलं की पहिला संशय घ्यायचा.

हल्ली तिसरा प्रकारही आहे, तडे गेलेल्या हलक्या माणकात शिशाची काच भरून चकचकीत केलेलं. हे २००० नंतरचं. तिरकं केलं की आतून निळसर चमक मारते. लिंबाच्या रसानेही त्याची काच खराब होते. पण तुमचा खडा १९८२ पासून ड्रॉवरमधे आहे, तेव्हा तो प्रश्न नाही.

आंबेहळद
१० जानेवारी, रात्री ११:४०

सापडला!

शिवणाच्या मशीनचा डावा ड्रॉवर. बॉबिनी, हूक, टिचबटणं, तुटकी झिप, खडूचा तुकडा आणि तळाला बिस्किटाच्या पुड्यातल्या चांदीत गुंडाळून, वरून काळ्या दोऱ्याने बांधलेली पुडी. आईने ती न बघता ओळखली. आत खडा. मला आठवत होता त्याच्या निम्मा. एका कडेला टवका उडालेला आहे, उचकटताना गेला असणार. आई म्हणाली, "आजी म्हणायची, परत करू. मग राहूनच गेलं."

भिंग कालच आलं होतं. आई झोपल्यावर स्वयंपाकघरात बसले. वाटीत पाणी, टिश्यू, मागे मोबाइलचा टॉर्च. पहिली वीस मिनिटं फक्त लाल दिसत होतं. मान अवघडली. मग एकदा खडा कुशीवर वळला आणि दिसल्या. तव्यावर घावन पसरताना पळीची जी वळणं उमटतात ना, तशा, पण केसाहून बारीक, एकाला लागून एक, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या. आणि एका टोकाला दोन गोल ठिपके, टाचणीने टोचल्यासारखे.

मी बराच वेळ बघत बसले होते. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. वाटीतल्या पाण्यात तो इतका लाल दिसत होता की पाणीच लाल झालंय असं वाटावं. मुलुंडकर, दूध गुलाबी होतं ते खरं आहे हो. :)

मुक्काम_मुलुंड
११ जानेवारी, सकाळी ६:५५

मी म्हणत होतो की!

जुना_गिरगावकर
११ जानेवारी, सकाळी १०:१०

छान लिहिलंत. आजीने चांदीत गुंडाळला यावरून एक आठवलं. आमच्याकडे बंद कोंदणात खड्याच्या पाठीमागे चमकदार पातळ पत्रा ठेवत, त्याला डाक म्हणतात. फिका खडाही पेटून उठतो. म्हणून जुनी बंद कोंदणाची अंगठी बघून खड्याचा रंग ठरवू नये, आणि ती पाण्याखाली धरू नये, पाणी आत गेलं की डाक काळी पडते आणि खडा मेल्यासारखा दिसतो.

भिंगवाला
११ जानेवारी, दुपारी १२:३०

अभिनंदन. पहिल्या प्रयत्नात वक्र रेषा दिसणं सोपं नाही, आमच्या वर्गात निम्म्यांना महिनाभर दिसल्या नव्हत्या. आता तुमचा डोळा बसलाय. त्या दुकानात एकदा भिंग घेऊन जा. बाहेर उघडा उजेड असेल अशा वेळी, दुकानातले पिवळे दिवे फसवतात.

आंबेहळद
१८ जानेवारी, रात्री ९:२५

अपडेट, जरा मोठा आहे.

काल दुपारी गेलो. बाहेरच्या पायरीजवळ उजेडात अंगठी बघायला मागितली. दुकानदार बाजूला उभा. मी पिशवीतून भिंग काढलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला असं नवरा म्हणतो, मला दिसलं नाही, माझा एक डोळा मिटलेला होता.

हिरे आधी बघितले. भिंगवाल्यांनी सांगितलेलं ते तळाचं वर्तुळ सहापैकी पाचांत दिसलं. मग खडा. कोंदण मागून उघडं आहे, त्यामुळे मागूनही उजेड येत होता. दहाएक मिनिटं लागली. घावन! अगदी तशीच वळणं. आजीचा खडा बघितला नसता तर मला काही म्हणजे काही कळलं नसतं.

मी काही बोलले नाही. फक्त म्हटलं, लॅबला दाखवून घेऊ. "आम्ही बाहेर माल देत नाही." मग नवऱ्याने जांगड हा शब्द टाकला. दुकानदाराने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही लाइनमधले का?" (नवरा पोर्ट ट्रस्टमधे हिशेबनीस आहे.) शेवटी ठरलं की त्यांचा मुलगा सोमवारी आमच्याबरोबर बीकेसीला येईल, फी आमची.

कोकमसरबत
१८ जानेवारी, रात्री ९:३१

"तुम्ही लाइनमधले का" ला जोरात हसलो. वहिनी, नवऱ्याला सलाम सांगा.

कोर्टकचेरी
१८ जानेवारी, रात्री १०:०५

परवान्याचं विचारलंत का?

आंबेहळद
१८ जानेवारी, रात्री १०:१२

विचारलं. शंभरची "ऐंशी-नव्वद, कोणी मोजलंय" झाली.

आंबेहळद
२३ जानेवारी, सायं. ७:४५

रिपोर्ट आला. कृत्रिम माणिक. हिरे नैसर्गिक, जुन्या पद्धतीच्या पैलूंचे.

दुकानदाराने रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाला, "मी बर्मी कधी म्हटलं? मी म्हटलं बर्मी टाइप." आणि लगेच २,२५,०००. आम्ही उठलो तर १,८०,०००. दाराशी १,६०,०००.

आता खरंच प्रश्न पडलाय. अंगठी मला अजून आवडते. सव्वाचार ग्रॅम १८ कॅरेट, थोडं प्लॅटिनम, सहा खरे जुने हिरे, आणि ते हाताचं काम. १,६०,००० ला घ्यावी का?

भिंगवाला
२३ जानेवारी, रात्री ८:३०

हिशोबाने बघायचं तर सोनं आजच्या भावाने मांडा, हिरे लहान आहेत, खड्याला चारशे-पाचशे रुपयांवर मोजू नका. बाकी राहतं ते घडणावळ आणि वय. त्याला किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. विकायला गेलात तर वयाचे पैसे मिळत नाहीत हे धरूनच.

पार्लेकरीण
२३ जानेवारी, रात्री ८:४४

मी घेतली असती. खडा भट्टीतला असला म्हणून काय झालं, अंगठी तर अस्सल नव्वद वर्षांची आहे ना.

जुना_गिरगावकर
२३ जानेवारी, रात्री ९:२०

मी नसती घेतली. अंगठी चांगली आहे, माणूस बरा नाही. एकदा बर्मी म्हणून आणि नंतर 'बर्मी टाइप' म्हणून सांगणाऱ्याच्या गल्ल्यात १,६०,००० कशाला टाकायचे? आमच्या वडिलांनी असल्या माणसाला चहासुद्धा विचारला नसता.

रविवार_माणिक
२३ जानेवारी, रात्री ९:५५

मी आधीच सांगितलं होतं, घेऊ नका.

आंबेहळद
२ फेब्रुवारी, रात्री १०:५०

नाही घेतली. दोन रात्री झोप लागली नाही, हे मान्य करते.

जुन्या गिरगावकरांनी व्यनित एका कारागिराचा पत्ता दिला होता. गिरगावात वाडीच्या आत, जिना चढून डावीकडे, खोलीभर काम. म्हातारे गृहस्थ, मांडीवर चामड्याची झोळी, पडलेला कीस गोळा करायला. आजीचा खडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भिंगसुद्धा घेतलं नाही, नुसता बोटांत फिरवला आणि म्हणाले, "ताई, याला एवढं सोनं घालताय? यापेक्षा तर याची पेटी महाग पडेल." मी म्हटलं घालतेय.

मग मात्र ते कामाला लागले. टवका दाखवून म्हणाले, नख्यांत बसवला तर तिथून पुढे तडकेल. म्हणून चारी बाजूंनी सोन्याची कड वळवून बंद कोंदण करणार, टवका त्या कडेखाली जाईल. डाक घालू का विचारलं. मी हो म्हटलं. मागच्या कागदावर पेन्सिलने आकृती काढली. मला आठवत होतं तसं सांगत गेले, पट्टी रुंद, खांद्याला दोन पानं. ते म्हणाले, "हे चाळीस सालातलं डिझाइन, आमचे वडील करायचे," आणि दोन्ही पानांच्या मधे मी सांगितलेला नसलेला एक ठिपका काढला. तो होता! मी विसरले होते.

पाडव्याला देतो म्हणालेत.

भिंगवाला
३ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

पाणी लागू देऊ नका. डाक.

पार्लेकरीण
३ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

पाडव्याला फोटो हवा. आणि त्या दुकानाचं नाव व्यनि करशील का? माझ्या नणंदेला जुने दागिने बघायचेत, निदान कुठे जायचं नाही ते कळेल.

आंबेहळद
३ फेब्रुवारी, सकाळी ९:५२

केलं.

पार्लेकरीण
१४ फेब्रुवारी, सायं. ५:३०

आज नणंदेबरोबर क्रॉफर्ड मार्केटला गेले होते, जाता जाता मुद्दाम त्या दुकानात डोकावले. तीच काच, तीच अंगठी. विचारलं, हे काय आहे? बर्मी माणिक, अजिबात न तापवलेलं. सर्टिफिकेट? "जुन्या मालाला सर्टिफिकेट कसलं मॅडम."

किंमत आता ५,२५,०००. आणि पारशी कुटुंब गेलं, आता ती कुठल्याशा संस्थानच्या राणीसाहेबांची आहे.